मरमेड, सूस आणि साती आसरा

‘मरमेड’ हा इंग्रजी शब्द दोन तुकड्यांचा आहे. ‘मेड’ म्हणजे कुमारिका, हे आजच्या इंग्रजीवरूनही ओळखता येतं. ‘मर’ मात्र आता एकटा वापरात नाही. जुन्या इंग्रजीत ‘मेरे’ म्हणजे समुद्र, आणि तळंही. हा शब्द पुढे बोलण्यातून गेला, पण गावांच्या आणि तळ्यांच्या नावांत राहिला. वर्ड्‌स्वर्थमुळे आपल्याला माहीत असलेलं ग्रासमिअर, शेजारचं विंडरमिअर, ही नावं त्याच शब्दाची. जर्मन ‘मेअर’, लॅटिन ‘मारे’, वेल्श ‘मोर’, रशियन ‘मोर्‌ये’ हे सगळे त्याचे सख्खे नातलग. लॅटिन ‘मारे’ची लेक ‘मरीन’ आपल्याकडे मुंबईत समुद्राला लागून राहते. म्हणजे मरमेड आणि मरीन ड्राइव्ह ही एकाच कुळातली नावं आहेत, फक्त एक जर्मॅनिक शाखेतून आलं, दुसरं लॅटिन शाखेतून.

या कुळात संस्कृतचा खात्रीचा नातलग नाही. समुद्रासाठीचा हा शब्द युरोपच्या बाजूला नांदला, आपल्या बाजूला नाही. हे आधीच सांगितलं, कारण ‘मर’ आणि ‘मकर’ यांच्या उच्चारातलं साम्य पाहून दोन्ही एकच ठरवण्याचा मोह आपल्याकडे लवकर होतो. कानाला सारखे लागणारे शब्द पुष्कळदा एकमेकांचे कुणी नसतात. इंग्रजीतच पाहा. घोडीला ‘मेअर’ म्हणतात, तो शब्द वेगळ्या मुळातला. दुःस्वप्नासाठीच्या ‘नाइटमेअर’मधला ‘मेअर’ म्हणजे छातीवर बसणारं भूत, तोही वेगळा. तळ्यातला ‘मिअर’ तिसरा.

हा शब्द घडला कसा, हे माझ्यासारख्या भाषांतर करणाऱ्या माणसाला जास्त जवळचं वाटतं. जुन्या इंग्रजीत आधी ‘मेरेविफ’ होती, पाण्यातली बाई. ‘बेओवुल्फ’ या काव्यात ग्रेंडेल राक्षसाच्या आईला हा शब्द लावला आहे. ती तळ्याच्या तळाशी राहते, मुलाच्या मरणाचा सूड घ्यायला वर येते, आणि तिच्यात आरसा-फणी घेऊन खडकावर बसणाऱ्या सुंदरीचं काहीही नाही. दुसरा शब्द ‘मेरेमेनिन’. तो लॅटिन शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दसूच्यांत येतो. डावीकडे लॅटिन ‘सिरेना’, उजवीकडे त्याचा अर्थ म्हणून हा शब्द. कुणा मठवाशाला लॅटिन ग्रंथातली सायरन आपल्या लोकांना समजावून सांगायची होती. त्याने परका शब्द उचलला नाही, घरातली पाण्यातली बाई तिच्या जागी उभी केली. चौदाव्या शतकात ‘रोमान्स ऑफ द रोज’ या फ्रेंच काव्याचं इंग्रजी भाषांतर झालं, ते बहुधा चॉसरचं. त्यात भाषांतरकार ओळींच्या मध्येच थांबून वाचकाला सांगतो की आम्ही आमच्या इंग्रजी रिवाजाने यांना मरमेडन म्हणतो, फ्रान्सात लोक सेरेन म्हणतात. तळटीप लिहायची सोय नव्हती, म्हणून त्याने ती काव्यातच लिहिली.

या अदलाबदलीत सायरनचे पंख गेले. होमरने सायरनांचं रूप सांगितलेलं नाही, पण ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत त्या पक्षी आहेत, डोकं तेवढं बाईचं. माशाची शेपटी असलेली सायरन पहिल्यांदा भेटते ती सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथात, राक्षसांच्या आणि विचित्र प्राण्यांच्या वर्णनांच्या पुस्तकात. त्यानंतर काही शतकं चित्रकार कधी पंख काढत, कधी शेपटी, कधी दोन्ही. मग शेपटी जिंकली. त्याच्याही आधी संत जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा यशयाच्या तेराव्या अध्यायात, ओसाड पडलेल्या बाबिलोनच्या महालांत ओरडणाऱ्या प्राण्यांच्या जागी सायरन लिहिल्या होत्या. हिब्रू मूळात तिथे कोल्ह्यांच्या जातीचा प्राणी आहे, असं आजचे बरेच अभ्यासक मानतात. कोल्हा, पक्षीण, मासोळी: एवढा प्रवास एका शब्दाने केला, आणि प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी भाषांतरकार बसलेला होता.

हे सगळं खणायचं कारण कामाचं आहे. एका इंग्रजी कथासंग्रहाचं मराठी करते आहे. त्यातल्या एका गोष्टीत आईची थोरली मुलगी तळ्यात बुडून मेलेली आहे, आणि आई धाकटीला सांगते की ताई मरमेड झाली. गोष्ट सगळी त्या एका शब्दावर उभी आहे. धाकटी मोठी होते आणि तो शब्द तिला पुरेनासा होतो. आईने तो का वापरला, हे तिला हळूहळू कळतं. मराठीत इथे काय लिहायचं?

काम करते आहे काशीत, मंगला गौरी मोहल्ल्यात. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर गल्ल्यांत शिरलं की हे देऊळ लागतं. काशीच्या नऊ गौरींपैकी ही एक. काशीखंडातली कथा अशी की सूर्याने इथे तप केलं आणि गौरीची व गभस्तीश्वराची स्थापना केली, म्हणून त्याच देवळात मयूखादित्यही आहे. मराठी घरांत मंगळागौर म्हणजे श्रावणातली जागरणं, फुगड्या आणि नव्या नवरीची पूजा. इथे तीच देवी बारमाही पत्त्यात असते, टपालावर येते. आजूबाजूचा सगळा भाग मराठी माणसांनी वसवलेला. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पेशव्यांच्या काळातलं बालाजीचं देऊळ, ज्याच्या नौबतखान्यात बिस्मिल्ला खाँ लहानपणी रियाज करत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं देऊळही इथलंच. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ काशीत लिहिला. एकनाथांनी भागवत इथेच १५७३ साली पुरं केलं. कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांनी महाभारतावरची टीका सतराव्या शतकात इथे बसून लिहिली. संस्कृत मराठीत आणण्याचं आणि मराठी डोक्याने संस्कृत वाचण्याचं काम या घाटांवर शतकानुशतकं चाललेलं आहे. शब्द अडला तर अडण्यासाठी जागा वाईट नाही.

कोशात पहिला हाताशी येतो तो ‘जलपरी’. मुलांच्या पुस्तकांनी आणि चित्रपटांनी तो घरोघरी नेला. त्यातली ‘परी’ फारसीतून आली. तिचं जुनं रूप अवेस्तातलं ‘पैरिका’, आणि ती चांगली बाई नव्हे, पुरुषाला भुरळ घालून बुडवणारी चेटकीण. फारसी काव्यात येईपर्यंत ती सुंदर झाली आणि भली झाली. फारसीत ‘पर’ म्हणजे पंख. ‘परी’ शब्दाशी त्याचा मुळात संबंध नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो जुळला आणि चित्रांतली परी पंख लावून उडू लागली. म्हणजे ‘जलपरी’ हा शब्द करताना आपण पंखवालीलाच पाण्यात सोडलं. सायरनच्या बाबतीत युरोपात जे घडायला हजारभर वर्षं लागली, ते आपल्याकडे एका समासात उरकलं. शब्द गोड आहे, पण त्यात मरण मावत नाही. मुलगी गमावलेल्या आईच्या तोंडी ‘जलपरी’ घातला की ती आई खोटी वाटते.

दुसरा शब्द ‘मत्स्यकन्या’. हा पंडिती, चित्राखालच्या मथळ्यात शोभणारा. त्याच्या मागे मात्र एक मोठी कथा आहे आणि ती शब्द वापरणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात नसते. महाभारताच्या आदिपर्वात अद्रिका नावाची अप्सरा शापाने यमुनेत मासोळी होऊन राहते. कोळ्यांनी तिला पकडून पोट चिरलं, तर आत एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा पुढे मत्स्य नावाचा राजा झाला. मुलगी कोळ्याकडे वाढली, अंगाला माशाचा वास म्हणून मत्स्यगंधा. ती सत्यवती, व्यासांची आई. मत्स्यकन्या कुणाला म्हणायचंच असेल तर या सत्यवतीला, आणि तिला शेपटी नाही. ज्याने महाभारत सांगितलं त्या व्यासाची आजी पाण्यातली मासोळी होती. काशीखंडात शिवाने व्यासांना काशीबाहेर काढल्याची गोष्ट आहे. तेव्हापासून त्यांचा मुक्काम पलीकडच्या तीरावर, रामनगरच्या बाजूला. त्या मासोळीचा नातू गंगेपलीकडून काशीकडे बघत बसला आहे, ही कल्पना मला आवडते. पण त्याने माझं काम होत नाही. ‘मत्स्यकन्या’ आईच्या तोंडी बसत नाही, ती शाळेतल्या बाईंच्या तोंडी बसते.

मग मी गंगेच्या पाण्यातल्या प्राण्यांकडे वळले. घाटावरच्या लहान देवळ्यांत गंगा मकरावर बसलेली असते. गंगेला मकर आणि यमुनेला कासव ही जोडी गुप्तकाळापासून देवळांच्या दारांवर कोरलेली दिसते, आपल्याकडे वेरूळलाही गंगा मकरावर उभी आहे. मकराला मगरीचा जबडा, कधी हत्तीची सोंड, मागे माशाची किंवा पानाफुलांत विरघळणारी शेपटी. गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या एकतिसाव्या श्लोकात श्रीकृष्ण स्वतःला जलचरांमधला मकर आणि नद्यांमधली जान्हवी म्हणवतो. दोघं एकाच श्लोकात आहेत. ज्ञानदेवांनी तिथे ‘मकर’ हा शब्द तसाच ठेवला. मराठी माणसाला तो परका नव्हताच. पंढरीच्या विठोबाच्या कानांतही मकरकुंडलं आहेत, आणि भाविक त्यांना सरळ मासोळ्या म्हणतात.

मकराची एक गोष्ट तर भाषांतराच्या वर्गात शिकवण्यासारखी आहे. बाबिलोनी ज्योतिषात पुढून बकरा आणि मागून मासा अशी एक रास होती. ग्रीकांनी तिला बकऱ्याच्या शिंगांवरून नाव दिलं, ‘आयगोकेरोस’. ग्रीक ज्योतिष भारतात आलं तेव्हा आपल्या पंडितांनी आधी शब्द जसाच्या तसा घेतला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त राशींच्या नावांत तो ‘आकोकेर’ असा आहे. त्याच्या शेजारी दुसरा उपायही चालू होता: परका अर्धा-मासा काढायचा आणि आपला अर्धा-मासा बसवायचा. हा दुसरा उपाय टिकला. आकोकेर आज कुणाला आठवत नाही आणि चौदा जानेवारीला आपण मकरसंक्रांतीचा तिळगूळ वाटतो. जुन्या इंग्रजीतल्या त्या मठवाशाने सायरनच्या जागी मेरेमेनिन लिहून हेच केलं होतं. बकरा त्यात गेला, तसे तिकडे पंख गेले.

मकराहून अवघड प्रकरण सूस या शब्दाचं आहे. गल्लीत खालच्या घरी एक मराठी आजी राहतात. चार पिढ्यांपूर्वी त्यांचे सासरे-आजेसासरे कोकणातून इथे आले. त्यांच्या मराठीत बनारसी हिंदी बेमालूम मिसळलेली असते. लहानपणी घाटावरून रोज सूस दिसायच्या, असं त्या सांगत होत्या. मी विचारलं, “सुसरी? मग अंघोळीला भीती नाही वाटायची?” त्या हसल्या. “अगं, सूस म्हणजे सुसर नव्हे. सूस बिचारी कुणाला काही करत नाही. वर येते, सूं करून श्वास घेते, जाते. सुसर तुमच्या देशावर.”

सूस म्हणजे गंगेतला डॉल्फिन. मराठीतली सुसर म्हणजे मगरीच्या कुळातली. आणि दोन्ही शब्द एकाच शब्दापासून निघालेले आहेत: संस्कृत ‘शिशुमार’. पाली-प्राकृतात त्याचं ‘सुंसुमार’ झालं, आणि पालीत अर्थ मगर. सुंसुमार जातकात गंगेतला सुंसुमार बायकोच्या डोहाळ्यासाठी माकडाचं काळीज आणायला जातो, आणि माकड काळीज झाडावर ठेवलं आहे असं सांगून सुटतं. पुष्कळ जातककथांसारखी तीही वाराणसीत ब्रह्मदत्त राज्य करत असताना घडते. हीच गोष्ट पंचतंत्रात आली, पुढे अरबीत ‘कलीला व दिम्ना’त गेली आणि तिथे मगरीचं कासव झालं. मराठी मुलांना ती माकड आणि मगर म्हणून माहीत आहे. हिंदीकडे जाताना शब्दाने डॉल्फिन धरला, मराठीकडे येताना मगर. गंगेत दोन्ही होते. आपल्या नद्यांत डॉल्फिन नव्हता, मगरी होत्या. शब्द आपल्याकडे पोचला तेव्हा त्याला जो प्राणी सापडला त्यात तो शिरला.

‘शिशुमार’ म्हणजे मुलांना मारणारा, असं शब्दाकडे पाहून वाटतं. पण वेदातलं रूप ‘शिंशुमार’ आहे. ऋग्वेदात अश्विनांच्या रथाला एक बैल आणि एक शिंशुमार जुंपलेले आहेत. तेव्हा ‘शिशु’ हा नंतरच्या लोकांनी न कळणाऱ्या शब्दाला लावलेला अर्थ. नाव बदललं आणि निरुपद्रवी प्राण्यावर बालहत्येचा आळ आला. अमरकोशाने शिशुमार आणि मकर यांना एका ओळीत ठेवलं, नक्र आणि कुंभीर म्हणजे खऱ्या मगरी वेगळ्या ठेवल्या. पुराणांनी तर शिशुमाराला आकाशात चढवलं. भागवताच्या पाचव्या स्कंधात सगळं तारामंडळ म्हणजे डोकं खाली करून वेटोळं घातलेला शिशुमार आहे, त्याच्या शेपटीच्या टोकाशी ध्रुव आणि पोटाशी आकाशगंगा. पंचगंगेवर कार्तिकात आकाशदिवे लागतात तेव्हा वर हाच प्राणी पसरलेला असतो, असं आपले पूर्वज मानत.

बाहेरून आलेल्यांनी सूस पाहिला आणि आपापल्या परीने नाव दिलं. प्लिनीने पहिल्या शतकात गंगेतल्या ‘प्लॅटॅनिस्टा’ची नोंद केली, डॉल्फिनसारखं तोंड आणि शेपूट असलेला प्राणी म्हणून. आज शास्त्रीय नाव तेच आहे, ‘प्लॅटॅनिस्टा गँजेटिका’. बाबराने त्याला पाण्यातलं डुक्कर म्हटलं. इंग्रजीतला ‘पॉरपॉइज’ही मुळात लॅटिनातला डुक्कर-मासा. एकमेकांचं काही ठाऊक नसताना दोघांनाही तेच सुचलं. २००९ साली भारत सरकारने गंगेतल्या डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर ठरवलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या गणनेत नद्यांतले ६,३२७ डॉल्फिन मोजले गेले. आजींच्या लहानपणीचे घाटावरचे सूस आता कैथीकडे, गोमती गंगेला मिळते त्या बाजूला जावं तेव्हा दिसतात. आजींच्या नातवंडांना सूस माहीत नाही, डॉल्फिन माहीत आहे. तो त्यांनी पडद्यावर समुद्रात उड्या मारताना पाहिला आहे.

सूस आणि सुसरीने मला एक गोष्ट दाखवली. नाव टिकतं तेव्हा प्राणी बदलू शकतो, आणि प्राणी तोच राहिला तर नाव बदलू शकतं. मग मरमेडसाठी प्राणी शोधत बसण्यात अर्थ नव्हता. शेपटीचा प्रश्नच नव्हता. जुन्या इंग्रजीत शेपटी नव्हती, फक्त पाण्यातली बाई होती. मराठीत पाण्यातली बाई कोण?

‘अप्सरा’. यास्काने निरुक्तात हा शब्द फोडून दाखवला: अप् म्हणजे पाणी, त्यात सरणारी ती अप्सरा. ‘मरमेड’ची आणि ‘अप्सरा’ची घडण जवळजवळ सारखीच निघाली, एका शब्दातही समान मूळ नसताना. आज अप्सरा म्हटलं की इंद्राचा दरबार, नाच, तपोभंग आणि शिसपेन्सिल डोळ्यांसमोर येतात. पाणी कुठेच नाही. पण जुन्या ग्रंथांत ती ओली आहे. शतपथ ब्राह्मणात पुरूरवा उर्वशीला शोधत कमळांच्या तळ्याशी येतो तेव्हा अप्सरा पाणपक्षी होऊन पोहत असतात. अथर्ववेदात त्या मनाला भूल घालणाऱ्या आहेत, त्यांना नदीकडे परत जायला सांगणारे मंत्र आहेत. आदिपर्वात वर्गा आणि तिच्या चार सख्या शापाने दक्षिण समुद्राकाठच्या पाच तीर्थांत मगरी होऊन राहतात. कुणी तिथे स्नानाला उतरत नाही. अर्जुन उतरतो, मगर पाय धरते, तो तिला ओढून काठावर आणतो, आणि काठावर ती बाई होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही ही कथा आहे आणि काशीतल्या नीलकंठांच्या पाठातही.

दरबारात गेलेल्या अप्सरेचं पाणी सुटलं. मात्र तिची दुसरी लेक, जी संस्कृत शिकली नाही, ती पाण्यातच राहिली. अप्सराचं प्राकृतात ‘अच्छरा’ झालं आणि मराठीत ‘आसरा’. आश्रय या अर्थाचा ‘आसरा’ निराळा, तो ‘आश्रया’पासून आला. आपल्या साती आसरा विहिरीच्या काठाला, नदीच्या डोहाशी, ओढ्याच्या वळणाला असतात. सात दगड, त्यांना शेंदूर, समोर हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. मूर्ती नाही, शेपटी नाही, पंख नाहीत. पुष्कळ ठिकाणी सोबत राखण करणारा भाऊ म्हणून म्हसोबा. मावळात त्यांच्या जातीच्या देवींना मावळाया म्हणतात, आणि दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’त या पाण्यातल्या आयांचा माग कार्ल्याच्या शिलालेखातल्या ‘मामल’ या प्रदेशनावापर्यंत नेला. धर्मविधींच्या पोथ्यांतही सात जलमातृका आहेत: मत्सी, कूर्मी, वाराही, दर्दुरी, मकरी, जलूका, जंतुका. मासोळी आणि मकर दोन्ही त्यांत बाई होऊन बसल्या आहेत. उत्तरेत बाळंतपणानंतर विहीर पुजायला जातात ती यांनाच. मंगला गौरीतल्या आजींनाही आसरा माहीत होत्या. “आईकडची विहीर होती, तिथल्या,” एवढंच म्हणाल्या आणि हात जोडले.

आसरा लाडक्या नाहीत. त्यांची भीती असते. भर दुपारी डोहाकडे जाऊ नको, एकटी जाऊ नको, केस मोकळे सोडून जाऊ नको, हे मुलींना त्यांच्याच नावाने सांगतात. अथर्ववेदातल्या मनाला भूल घालणाऱ्या अप्सरा आणि आमच्या गावाकडे बाईला धरणाऱ्या आसरा यांच्यात अडीच-तीन हजार वर्षांचं अंतर आहे, आणि फरक फार थोडा आहे. शब्दाचा उच्चार झिजला, मजकूर तसाच राहिला.

इथे मला थांबावं लागलं. गावात एखादी सून विहिरीत सापडली की लोक म्हणतात, आसरांनी ओढली. कधी ते भाबडेपणाने म्हटलेलं असतं. पुष्कळदा ते सोयीचं असतं. आसरांनी ओढली म्हटलं की ती विहिरीपर्यंत का गेली, घरात काय चाललं होतं, हे कुणी विचारायचं नसतं. हा शब्द दुःखावर पांघरूण घालतो आणि गुन्ह्यावरही घालतो. तो आपण कथेत आणला तर हे सगळं सोबत येणार. जलपरीबरोबर काहीच येत नाही, म्हणून ती सोपी.

पण मूळ गोष्ट नेमकी याचीच आहे. तिथल्या आईनेही ‘मरमेड’ हा शब्द पांघरुणासारखाच वापरला आहे. धाकटी मोठी होऊन विचारते, ताई एकटी तळ्यावर का गेली होती, तेव्हा त्या शब्दाखालून बाकीचं बाहेर येतं. इंग्रजी ‘मरमेड’ आज खेळण्याच्या दुकानात मिळते, म्हणून इंग्रजी वाचकाला आईचं सांगणं आधी गोड वाटतं आणि मग बोचतं. मराठी वाचकाला ‘आसरा’ आधीच बोचेल. क्रम उलटा होईल. ही हानी खरी आहे आणि ती मला दिसते आहे. तिच्या बदल्यात मिळतं ते हे की धाकटीचा प्रश्न मराठीत खोटा वाटणार नाही. तो प्रश्न आपल्याकडे कित्येक घरांत विचारायचा राहून गेलेला आहे.

म्हणून भाषांतरात दोन शब्द ठेवले. धाकटी सहा वर्षांची असताना आई तिला म्हणते, ताईला आसरांनी ठेवून घेतलं, ती आता त्यांच्यातली झाली. ‘ओढलं’ नाही, ‘ठेवून घेतलं’. आई क्रियापद बदलते, तेवढीच तिची माया आणि तेवढंच तिचं खोटं. पुढे शाळेत धाकटी चित्र काढते आणि बाई खाली ‘जलपरी’ लिहून देतात, तिथे जलपरी. मूळात दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे. चॉसरसारखं मध्येच थांबून वाचकाला सांगायची मुभा मला नाही, पण दोन शब्द शेजारी ठेवले की त्यांच्यातली फट वाचकाला आपोआप दिसते.

संपादकांनी हस्तलिखितावर विचारलं आहे, आसरा शहरी वाचकाला कळेल का, तळटीप द्यावी का. मी लिहिलं, तळटीप नको. सात दगड, शेंदूर आणि विहिरीचा काठ एवढं आईच्या एका वाक्यात येतं. ज्यांच्या घरात हा शब्द होता त्यांना तो ऐकू येईल, आणि ज्यांच्या घरात नव्हता ते आपल्या आजीला विचारतील. आजी बहुधा ‘सांज झाली, आता नको’ असंच म्हणेल, पण तेही उत्तरच आहे.